खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही

माझी नोकरी नेमकी काय होती, हे माझ्या सासरच्या निम्म्या लोकांना अजून माहीत नाही. ‘सरकारी दवाखान्यात आहे’ एवढ्यावर सगळे खूश असायचे. कोणी फारच खोदून विचारलं तर सासूबाई सांगायच्या, “पेशंटला समजावून सांगती.” त्यांना स्वतःला काही ठाऊक नव्हतं, पण बोलायच्या अगदी बरोबर.

मी एचआयव्ही तपासणीच्या खोलीत समुपदेशक होते. आधी बिलोली तालुक्यात आणि नंतर माहेराजवळ, रेणापूरच्या बाजूला. नोकरी कंत्राटी. यंदा निवृत्त झाले, म्हणजे पुढचा करार आला नाही. कंत्राटी माणूस असाच निवृत्त होतो, ना शाल ना श्रीफळ.

काम सांगायला सोपं आहे. डॉक्टरांनी पाठवलेला माणूस आमच्याकडे यायचा. रक्त घेण्याआधी त्याला तपासणी कशाची आहे ते सांगायचं, त्याची संमती घ्यायची. रिपोर्ट आला की परत समोर बसवून सांगायचं. रिपोर्ट निगेटिव्ह असला की लोक वाक्य पूर्ण व्हायच्या आत उठत. पॉझिटिव्ह असला की उठतच नसत. त्यांच्यासोबत बसून राहणं हीच खरी नोकरी. गरोदर बायकांची तपासणी तर सगळ्यांचीच व्हायची. गोळ्या फुकट मिळतात, रोज न चुकता घेतल्या तर माणूस चारचौघांसारखा जगतो, म्हातारा होतो आणि जोडीदाराला लागण होत नाही, हे मी हजारदा सांगितलं असेल. तरी अजून लोकांना पटत नाही, म्हणून इथंही सांगून टाकते.

लोक लपून यायचे. आमच्या गावातले एक प्रतिष्ठित व्यापारी ऐन मे महिन्यात, लोखंड वितळेल अशा उन्हात, तोंडाला लोकरी मफलर गुंडाळून आले. ओळखू येऊ नये म्हणून! सगळा दवाखाना त्यांच्याकडे बघत होता. बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं जागा करून देत विचारलं, “शेटजी, लई थंडी वाजून राहिली का?” त्यांना काहीच झालेलं नव्हतं. नुसती भीती होती. पण भीतीनं लोकांचं काय होतं, ते मी त्या खोलीत रोज पाहत होते.

बिलोलीकडच्या त्या दवाखान्याच्या इनचार्ज होत्या शहनाज सिस्टर. नांदेडच्या जुन्या घरातल्या, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. उंच, करारी, साडीची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नसे. त्या खोटं बोलत नसत. म्हणजे किती? एकदा मोठ्या साहेबांनी टेबलावरचा फोन वाजताना खुणावलं, मी नाही म्हणून सांगा. सिस्टरनी फोन उचलला आणि म्हणाल्या, “साहेब समोरच बसलेत. पण त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही.” साहेब पुढं वर्षभर आपले फोन आपणच उचलत होते.

मी नवीन असताना एक बाई आली आणि शेजारणीचं नाव घेऊन विचारू लागली, ती परवा इथं कशाला आली होती म्हणून. सिस्टर तिथंच होत्या. “इथं आम्ही कुणाबद्दलच काही सांगत नाही,” म्हणाल्या आणि तिला वाटेला लावलं. मला ते जरा कठोर वाटलं.

“सिस्टर, तिचा रिपोर्ट तर चांगला आहे. तेवढं सांगितलं असतं तर बिचारीच्या मागची कुजबुज तरी थांबली असती.”

“आज हिच्याबद्दल ‘चांगली हाय’ म्हणशील,” सिस्टर म्हणाल्या. “उद्या दुसरीबद्दल कुणी विचारल्यावर गप बसशील. मग तुझं गप बसणंच रिपोर्ट झाला की बेटा! म्हणून सगळ्यांसाठी जवाब एकच. खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही.”

हा नियम किती जड आहे ते मला शिवराजमुळं कळलं.

शिवराज हे त्याचं खरं नाव नाही. गाव, धंदा, वर्ष, सगळं बदललंय. इथं तो फरशी बसवणारा मिस्त्री आहे असं समजा. काही वर्षं हैदराबादेत काम करून गावी परत आलेला, हात चांगला, स्वभाव गरीब. घरात आई आणि लग्नाची बहीण. वडील नव्हते. ताप हटत नव्हता म्हणून डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी नेहमीच्या पद्धतीनं, सावकाश, सगळं सांगितलं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, “म्याडम, तुमच्या खोलीची फरशी उलट्या उतारानं बसवलीय. पुसताना पाणी दाराकडं जायच्या जागी तुमच्या टेबलाखाली येत असंल.”

येत होतं, हे खरं. अशा वेळी माणसं काहीही बोलतात. मी “हो, येतं,” म्हटलं आणि मग तो रडायला लागला.

लागण कशी झाली ते त्यानं सांगितलं. ते इथं लिहायचं कारण नाही. पण जाताना दारात थांबून तो म्हणाला, “माझं लग्न ठरलंय. साखरपुडा झाला. देगलूरकडची हाय.”

तिचं नाव आपण अश्विनी ठेवू.

लग्न करूच नको, असं मी त्याला म्हटलं नाही. तसं म्हणायचा मला अधिकारही नव्हता. औषधं सुरू करून, एकमेकांना सगळं सांगून सुखानं संसार करणारी जोडपी मी पाहिली होती. मी एवढंच म्हटलं, की तिला आधी कळलं पाहिजे. कळल्यावर हो म्हणायचं की नाही, ते ती ठरवेल.

“तिला सांगितलं म्हणजे तिच्या घरी सांगितलं,” तो म्हणाला. “तिच्या घरी सांगितलं म्हणजे साऱ्या मुलखाला. अव्वा जीव देईल. आन् माझ्या बहिणीला कोण करून घेईल?”

अव्वा म्हणजे आई. त्या बाजूला कानडीचा वारा आहे.  ‘समाज बदलेल’ असं आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, पण ते त्या दारात उभ्या असलेल्या पोराला सांगायची मला लाज वाटली. तो गोळ्या न्यायला यायचा, माझ्याशी न बोलता जायचा.

लग्न जवळ आलं तसं एक दिवस एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. अश्विनीचे मामा, बसवराज अप्पा. देगलूरला त्यांचं किराणा दुकान. अश्विनीचे वडील साधे होते, म्हणून पोरीच्या लग्नाचं सगळं अप्पाच बघत होते. शिवराजला आमच्या खोलीबाहेर बसलेला त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी पाहिला होता.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “बाई, शिवराजला तो रोग हाय का?”

“अप्पा, आम्ही इथं कुणाबद्दलच काही सांगत नाही.”

“म्हणजे हाय.”

“मी तसं म्हटलं नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन.”

“माझ्याबद्दल कशाला कोण विचारंल?” अप्पांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. “बाई, तुम्हाला लेक हाय का?”

मला लेक होती. लातूरला शिकत होती. अश्विनीच्याच वयाची.

“तिचं लग्न असतं आन् माझ्या ह्या खुर्चीत तुम्ही असता, तर?”

मी उठून सिस्टरना बोलावून आणलं. त्यांनी अप्पांना पाणी दिलं, शेजारी बसल्या आणि शांतपणे तेच सांगितलं. फक्त पुढं एक जोडलं. “अप्पा, लग्नाआधी पोरापोरींनी दोघांनी रक्त तपासावं, हे मी माझ्या भाचीलाबी सांगितलं. तुम्ही दोन्ही घरच्यांना सांगा. दोघं मिळून येऊ द्या.”

“पोरीची असली तपासणी?” अप्पा उठून उभे राहिले. “नुसतं बोललो तरी सोयरीक मोडंल आन् नाव पोरीचं निघंल. तुम्हाला लोकांची रीत ठाऊक न्हाई.” आणि ते गेले.

मी सिस्टरवर चिडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हटलं, एका पोरीचा जीव आहे सिस्टर. नियम माणसांसाठी असतो की माणसं नियमासाठी?

त्या रागावल्या नाहीत. “आज मी अप्पांना सांगते,” त्या म्हणाल्या. “एक पोरगी वाचंल. उद्या गावात होईल, त्या दवाखान्यातल्या बाया सांगून टाकतात. मग ह्या दारात कोण येईल? जो येणार न्हाई, तो गोळीबिगर मरंल. आन् मरायच्या आधी आपल्या बायकोला देऊन जाईल. तिचा मामा आपल्याकडं येणार न्हाई, म्हणून ती आपल्याला दिसणार न्हाई. पण ती बी कुणाची तरी लेकच हाय ना?”

मी परत खुर्चीत बसले.

“पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “पोरगं वाईट न्हाई. त्याला गाठू.”

गाठायचं कसं? त्याच्या घरी जाणं म्हणजे गावभर बोभाटा. दवाखान्यात तो बोलत नव्हता. मी सुचवलं, तुमच्या घरी फरशीचं काम आहे म्हणून निरोप देऊ आणि आल्यावर बोलू. सिस्टरनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलीय. “काम नसताना काम हाय म्हणायचं?”

मग त्यांनी काय करावं? त्यांनी आपल्या स्वयंपाकघराची चांगली धडधाकट शहाबादी फरशी उखडून काढली आणि शिवराजला नवी बसवायला बोलावलं. खोटं बोलावं लागू नये म्हणून! त्यांचे यजमान मला नंतर म्हणाले, “तुमच्या सिस्टरच्या सचोटीपायी मी आठवडाभर अंगणात चहा करून प्यालो.”

रविवारी मी तिथं गेले. शिवराज गुडघ्यावर बसून फरशी ठोकून बघत होता. सिस्टरनी दुपारी त्याला जेवायला वाढलं आणि आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या. त्याचा रोग माहीत असून त्याच्यासमोर बसून कोणी जेवण्याचा प्रश्नच आला नव्हता, कारण कोणाला माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी एक बाई त्याच्या ताटातलं लोणचं उचलून खात होती. तो बराच वेळ घास हातात घेऊन बसला.

“सिस्टर, मी त्या पोरीला सांगू शकत न्हाई,” तो आपणहून म्हणाला. “लई वेळा फोन हातात घेतला. न्हाई होत. मला माझ्या बहिणीचं तोंड दिसतं.”

“मी तुला सांग म्हणून जबरदस्ती करणार न्हाई.”

“मग?”

“तिला ठाऊक नसताना ती तुझ्या घरात येऊ नये. बस. त्यापुढचा रस्ता तुझा तू शोध.”

तो जेवून उठला, हात धुतले आणि परत कामाला बसला. बऱ्याच वेळानं, वर न बघता, त्यानं विचारलं, “आन् मी खोटं बोललो तर?”

“कशाबद्दल?”

“बघतो,” म्हणाला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याच्या लाकडी हातोडीशिवाय दुसरा आवाज नव्हता.

पुढं काय झालं ते आम्हाला बसवराज अप्पांकडून कळलं. ते परत दवाखान्यात आले, पण या वेळी हात जोडूनच आत आले.

“बाई, मला माफ करा. तुमच्यावर उगीच दबाव आणला.” ते खुर्चीत बसले. संतापानं त्यांच्या मानेची शीर उडत होती. “पोरगं रोगी नव्हतंच. बदमाश निघालं! हैदराबादेत बाई ठेवलीय त्यानं. साऱ्या पंचांपुढं उभं राहून सांगितलं, मला तुमची पोरगी नको, माझी तिथं हाय म्हणून. लाज न्हाई, शरम न्हाई. मी भर बैठकीत दोन ठेवून दिल्या. त्याच्या आईनं सगळ्यांदेखत तोंडावर थुंकलं त्याच्या. तरी खाली मान घालून उभा, एक शब्द फिरवला न्हाई. आन् मी आपला बिचाऱ्यावर रोगाचा संशय घेऊन बसलो होतो!”

मी सिस्टरकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आम्हा दोघींच्या चेहऱ्यावर ते वाचता आलं असतं.

“पोरगी कशी आहे?” सिस्टरनी विचारलं.

“रडून राहिली. तिला पसंत होता तो,” अप्पा म्हणाले. “पण सुटली म्हणायचं.”

 हैदराबादेत कोणी बाई नव्हती, हे साऱ्या जगात तीनच माणसांना माहीत होतं.

शिवराज गोळ्या न्यायला आला तेव्हा गालावर अजून काळपट डाग होता. “खोटं बोललो सिस्टर,” तो म्हणाला. “रोग सांगितला असता तर बहिणीचं लग्न अडलं असतं. भाऊ बाईच्या नादी लागला म्हणून कुणी बहिणीला नाकारत न्हाई. लोक दोन दिवस हसतेत.”

एवढा विचार त्यानं फरशी बसवता बसवता केला होता. कोणती बदनामी बहिणीच्या अंगावर येईल आणि कोणती नुसती आपल्या, हे त्यानं तोलून पाहिलं आणि दुसरी निवडली. मी सिस्टरकडे बघत राहिले. आता ही बाई काय म्हणणार? साहेबांसाठी फोनवर एक साधं वाक्य खोटं न बोललेली बाई.

सिस्टर उठल्या. आपली खुर्ची ओढून त्यांनी त्याला बसायला दिली. “झूट ते झूटच, शिवराज. त्याला मी खरं म्हणणार न्हाई. ती पोरगी रडून राहिली, तेबी तुझ्याच खात्यावर.” त्यांनी त्याच्या गालावरचा डाग जवळून बघितला. “पण लोक आपली इज्जत वाचवायला झूट बोलतात. तू आपली घालवायला बोललास. असा माणूस मी बघितला न्हाई.”

त्यानंतर तो येईल त्या दिवशी त्या त्याच्यासाठी डब्यात काहीतरी आणायच्या. नियमात बसतं का, असं मी विचारलं नाही.

मी बदलून रेणापूरच्या बाजूला आले. काही वर्षं गेली. एका सकाळी गरोदर बायकांच्या तपासणीत एक मुलगी समोर बसली. चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण बोलता बोलता माहेर देगलूरकडचं निघालं आणि मामांचा, बसवराज अप्पांचा, विषय निघाला. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. मी सांगितला.

“ठाऊक हाय,” ती हसली. “माझ्या मामानं लग्नाआधीच आमची दोघांची तपासणी करून घेतली. म्हणला, लोक काय म्हणायचं ते म्हणू दे. आमच्या गावात आधी कुणी असलं केलं नव्हतं.” मग म्हणाली, “माझी आधीची सोयरीक मोडली होती, म्हणून मामा भेला होता. तो पोरगा भर बैठकीत मला नको म्हणला. दुसरी ठेवली होती त्यानं. माझ्यात काय कमी होतं म्हणून लई दिवस आरशात बघायची मी. अजून नाव निघालं की शिवी येती तोंडात.”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बाई, तुझ्यात काही कमी नव्हतं. त्यानं तुला नाकारलं नाही, तुला राखलं. हे तुला कळलं असतं तर आरशातले ते दिवस तुझे वाचले असते. कदाचित तेव्हाच कळलं असतं, तर तू सगळं समजून त्याच्याशी लग्नही केलं असतंस. तो निर्णय तुझा होता आणि तो त्यानं तुझ्याकडून काढून घेतला, हेही खरंच. मी त्याला थोर मानते, पण हा हिशेब माझ्याच्यानं अजून मिटलेला नाही.

मी तिला लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्या, पुढच्या तपासणीला यायला सांगितलं. बाहेर तिचा नवरा पाण्याची बाटली धरून उभा होता. ती दिसताच त्यानं आधी बाटलीचं झाकण उघडलं आणि मग पुढं केली. चांगला माणूस असावा.

हे लिहायच्या आधी शिवराजची परवानगी घेणं भाग होतं. अश्विनीची घेता येत नव्हती, म्हणून तिचं सगळं इतकं बदललंय, की वाचून तिलाही ही दुसरीच कुणीतरी वाटावी. तरीही हे लिहिणं बरोबर का चूक, ते सिस्टरना विचारायचं मी टाळलं. त्या आता नांदेडला नातवंडांत असतात आणि त्यांना विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

शिवराजला संध्याकाळी फोन केला. आवाज भरदार झालाय. हाताखाली चार माणसं आहेत, बहिणीला दोन मुलं आहेत. मी काय लिहिणार ते सांगितलं.

“लिवा म्याडम. पण मला लई चांगला करू नका. त्या पोरीला मी रडवलं, ते बी लिवा.”

“लिहिते. अव्वा बोलते का आता तुझ्याशी?”

“बहिणीचं लग्न झालं आन् अव्वाला सगळं सांगून टाकलं. पदरानं माझं तोंड पुसत बसली होती, जणू थुंकी अजून तिथंच हाय. मग म्हणली, चल, देगलूरला जाऊ, अप्पाला खरं सांगू, तुझं नाव धुऊन काढू. मीच अडवलं. ती पोरगी आता आपल्या घरी सुखात असंल. कशाला उगीच?” पलीकडून कुणीतरी हाक मारली. “ठेवू का म्याडम? अव्वा गोळी आन् पाणी घेऊन उभी हाय. म्या गिळल्याबिगर हलत न्हाई ती.”